मालवणच्या नाकासमोर ७,७०० किलोमीटरवर एक पेटलेला बर्फाचा डोंगर आहे (हर्ड बेट, बिग बेन)

घाटवाट_चुकलेला

परवा रात्री झोप येईना म्हणून फोनवर नकाशा उघडून बसलो होतो. मला एक खोड आहे, एखाद्या किल्ल्यावर बोट ठेवायचं आणि सरळ दक्षिणेला सरकवत न्यायचं, बघू कुठे धडकतंय ते. रायगडावरून निघालो. खेड-चिपळूणच्या आसपासचे डोंगर, मग मालवण, तिथे जमीन संपली. गोवा डावीकडे राहतो, लक्षद्वीपच्या दोन बेटांमधून रेघ निसटते, मग मालदीवची राजधानी माले जवळजवळ रेघेवरच. त्यानंतर पावणेसहा हजार किलोमीटरहून जास्त नुसतं पाणी. म्हटलं आता अंटार्क्टिकाच येणार, तर त्याच्या आधी ५३ अंश दक्षिणेला एक ठिपका आला. हर्ड आयलंड. मोठं करून बघितलं तर अख्खा ठिपका म्हणजे एकच डोंगर, पांढराशुभ्र, आणि टोकावर काळा डाग.

मग काय, पहाटे चारपर्यंत वाचत बसलो. डोंगराचं नाव बिग बेन, त्याच्या डोक्यावरचं शिखर मॉसन पीक, उंची २,७४५ मीटर, आणि तो जिवंत ज्वालामुखी आहे. म्हणजे वर हिमनद्या आणि आत लाव्हा. बेट ऑस्ट्रेलियाच्या मालकीचं, पण पर्थपासून ४,००० किलोमीटरच्या वर लांब. माणूस एकही राहत नाही, बंदर नाही, धावपट्टी नाही. आपल्या कळसूबाईच्या (१,६४६) डोक्यावर अजून हजार मीटर ठेवले तरी हा वरच. दक्षिण भारतातलं सर्वात उंच अनाईमुडी २,६९५, म्हणजे त्यालाही ५० मीटरने मागे टाकलंय, आणि हा तर थेट समुद्रातून उठलेला.

रेखांश साधारण ७३.५ पूर्व. मालवणचाही तोच. आयुष्यभर मालवणच्या किनाऱ्यावर बसून मासे खाल्ले आणि आपल्या नाकासमोर काय आहे ते आज कळलं. कुणाला याबद्दल अजून माहिती असेल तर लिहा, आणि मुख्य प्रश्न, तिथे ट्रेकला जाता येतं का?

तिखटमीठ

अरे हेच ते पेंग्विनवाले बेट ना ज्याच्यावर ट्रम्पतात्यांनी टॅरिफ लावला होता? एप्रिल २०२५ च्या यादीत होतं बघ, हर्ड आणि मॅकडोनाल्ड बेटं, १० टक्के. आपल्याला २६ आणि पेंग्विनांना १०, लॉबिंग चांगलं असणार त्यांचं. ह.घ्या.

देवबागकर

आमच्या देवबागातून सरळ दक्षिणेक होडी हाणली तर पोचतलंव म्हणता? मियां उद्याच काढतंय, डिझेलचे पैसे कोण देतलो ता आधी सांगा.

अश्मयुगीन

छान धागा. भूगर्भवाला असल्यामुळे राहवत नाही, जरा लांबण लावतो.

हर्ड बेट ज्याच्यावर बसलंय ते म्हणजे केर्गेलेन पठार, समुद्राच्या पोटात असलेलं एक अवाढव्य लाव्ह्याचं पठार. त्याचा फारच थोडा भाग पाण्याच्या वर डोकं काढतो. एक केर्गेलेन बेटं (फ्रान्सची, हर्डपासून वायव्येला साधारण ४५० किमी) आणि दुसरं हे हर्ड-मॅकडोनाल्ड. हा सगळा उद्योग केर्गेलेन हॉटस्पॉटचा. हॉटस्पॉट म्हणजे खोलवरून येणारी उष्णतेची धार, ती साधारण एका जागी आणि वरचं कवच सरकत राहतं.

बिग बेन स्वतः भूशास्त्राच्या हिशोबात अगदी कोवळा आहे, दहा लाख वर्षांच्या आतला. वरती एक जुनं मोठं विवर कोसळलेलं आहे, पाच-सहा किलोमीटर रुंद, नैऋत्येच्या बाजूने कठडा फुटलेला, आणि त्या विवरात नंतर वाढलेला शंकू म्हणजे मॉसन पीक. ताटात वाटी उपडी घालावी तसं.

राजगड२००७

म्हणजे आपला सह्याद्री ज्या लाव्ह्याचा झाला त्याचाच हा भाऊ म्हणायचा का? दख्खनचं पठार पण हॉटस्पॉटनेच झालं असं वाचलेलं.

अश्मयुगीन

@राजगड२००७, ही चूक खूप जण करतात. दख्खनचा हॉटस्पॉट वेगळा, तो रीयुनियनचा, मॉरिशसच्या शेजारी जे बेट आहे ना ते. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट (लाव्हा थिजून झालेला खडक) साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. केर्गेलेनवाल्याची भारतातली खूण म्हणजे झारखंडमधल्या राजमहालच्या टेकड्या, त्या साधारण ११.७ कोटी वर्षांपूर्वीच्या. तेव्हा भारत नुकताच गोंडवन नावाच्या जुन्या महाखंडातून सुटून निघालेला आणि त्या भागातच होता. मग भारत उत्तरेला धावत सुटला आणि मागे बंगालच्या उपसागरात नव्वद पूर्व कटक नावाची समुद्राखालची पर्वतरांग उमटत गेली, जवळजवळ सरळ रेघेत. जळती उदबत्ती स्थिर धरून वरून कागद ओढला की डागांची ओळ उठते, तसं काहीसं. त्यामुळे हर्ड हा सह्याद्रीचा सख्खा नाही, राजमहालच्या बाजूने नातं लागतं.

तिखटमीठ

म्हणजे माहेरचा नाही, सासरचा.

हिमकण

मला एक कळत नाही, आत लाव्हा आहे तर वरचं बर्फ टिकतं कसं? (विज्ञान दहावीलाच सोडलंय, हसू नका.)

अश्मयुगीन

हसण्यासारखं काही नाही, बरोबर प्रश्न आहे. उद्रेक होतो तो शिखराच्या अगदी लहानशा भागात, आणि लाव्ह्याचे ओघळही बऱ्याचदा वरच थिजतात. बेट ३६८ चौरस किमीचं, डोंगराचा घेर प्रचंड, आणि वरून बर्फ पडतच असतं. लाव्ह्याचा ओघळ त्यातून पट्टा कापत येतो, वाफ निघते, गार होतो, पुढच्या वादळात परत पांढरं.

पण बर्फ कमी होतंय हे खरंय, फक्त त्याचं कारण लाव्हा नाही, हवा तापतेय हे आहे. १९४७ मध्ये हिमनद्यांखाली साधारण २८९ चौ. किमी होते, २०१९ पर्यंत ते २२६ च्या आसपास आले. जवळपास पाव भाग गेला, आणि तिथे एक कारखाना नाही, एक गाडी नाही. पूर्वेच्या बाजूची स्टीफन्सन हिमनदी तर पाच किलोमीटरहून जास्त मागे सरकलीय, तिच्या जागी आता सरोवर झालंय.

शॉर्टवेव्ह_काका

या धाग्यावर मला लिहिणं भागच आहे! मी हॅम रेडिओवाला आहे, म्हणजे हौस म्हणून घरच्या वायरलेसवरून जगाशी बोलणारा, नाशिकचा. आमच्या लोकांत हर्ड आयलंड म्हणजे पंढरपूर. जगात ज्या ठिकाणांशी रेडिओवर बोलणं सगळ्यात दुर्मिळ त्या यादीत हे बेट कायम वर, कारण तिथे कुणी असेल तर बोलणार ना. दहा-वीस वर्षांतून एखादी टोळी जाते, तंबू ठोकते, जनरेटर चालू करते आणि अख्ख्या जगातले हॅम एकाच वेळी त्यांच्यावर तुटून पडतात.

१९९७ च्या जानेवारीत व्हीके झिरो आयआर (हा त्या टोळीचा कॉलसाइन, म्हणजे रेडिओवरचं नाव) आले होते, ऐंशी हजारांच्या वर संपर्क केले त्यांनी, तेव्हा माझ्याकडे लायसन्स नव्हतं, हात चोळत बसलो. मग १९ वर्षांनी, २०१६ च्या मार्च-एप्रिलमध्ये व्हीके झिरो ईके. केप टाउनहून ब्रेव्हहार्ट नावाच्या बोटीने गेले, ॲटलस कोव्ह नावाच्या खाडीवर तळ. मी रोज संध्याकाळी ऑफिसमधून आलो की हेडफोन लावून, बायको म्हणायची जेवायला या, मी म्हणायचो थांब बेट लागतंय. सोसायटीतल्या एकाने आधीच गच्चीवरच्या अँटेनावरून भांडण काढलेलं, म्हणे वीज पडेल. अकराव्या दिवशी वीस मीटरच्या पट्ट्यावर त्या गर्दीतून माझा कॉलसाइन परत ऐकू आला, पुढे फाइव्ह नाइन (म्हणजे आवाज स्वच्छ पोचला), झालं, चार सेकंद. त्या चार सेकंदांसाठी १९ वर्षं. क्यूएसएल कार्ड (संपर्क झाल्याची पोचपावती) फ्रेम करून देवघराशेजारी लावलंय.

आणि रेखांशाचं म्हणाल तर, हर्डचं घड्याळ ग्रीनिचच्या पाच तास पुढे, आपलं साडेपाच. म्हणजे आपल्याहून फक्त अर्धा तास मागे. आपल्याकडे दुपारचे १२ तर तिकडे साडेअकरा. हे मला तेव्हा लक्षात आलं आणि उगाच शेजारच्या गावाशी बोलल्यासारखं वाटलं.

घाटवाट_चुकलेला

काका दंडवत _/\_ धागा वसूल झाला. चार सेकंद!!

शिडाचीहोडी

आता गिर्यारोहणाचं मी लिहितो, घाटवाट, तुझ्या मुख्य प्रश्नाचं उत्तर पण त्यातच आहे.

या शिखरावर पहिला माणूस पोचला २५ जानेवारी १९६५ ला. म्हणजे एव्हरेस्ट होऊन जवळजवळ १२ वर्षं झाली होती, आणि हे त्याच्या एक तृतीयांश उंचीचंसुद्धा नाही. का एवढा उशीर? कारण चढाई हा शेवटचा प्रश्न आहे, आधी तिथे पोचा तर खरं. त्याच्या दोन वर्षं आधी, १९६३ ला, तिघे जण गेले होते आणि वरती वादळात असे सापडले की जेमतेम जीव घेऊन परत आले. त्यातल्या दोघांना मात्र डोंगर सोडवेना, वॉरविक डीकॉक आणि ग्रॅहम बड. डीकॉकने पैसे जमवून पटनेला नावाची शिडाची बोट मिळवली आणि तिच्यावर कप्तान म्हणून बोलावलं कुणाला, तर बिल टिलमनला.

हिमालयवाल्यांना नाव माहीत असणार. हा तोच टिलमन ज्याने १९३४ ला एरिक शिप्टन या गिर्यारोहकाबरोबर ऋषिगंगेच्या घळीतून नंदादेवीच्या आतल्या अभयारण्यात जायची वाट शोधली आणि १९३६ ला ओडेलबरोबर नंदादेवीच्या माथ्यावर उभा राहिला, ७,८१६ मीटर. त्यानंतर १९५० पर्यंत माणसाने त्याहून उंच शिखर सर केलं नव्हतं. पुढे वय झाल्यावर त्याने समुद्र धरला, म्हणजे रिटायरमेंटनंतर लोक भजनी मंडळात जातात तसा हा छोट्या बोटीतून ध्रुवाकडे जायचा. हर्डला गेला तेव्हा ६६ वर्षांचा होता.

एकूण दहा जण. सिडनीहून नोव्हेंबर १९६४ ला निघाले. बेटाच्या दक्षिणेला उतरले, आणि उतरताना लाटेने रबरी होडी सामानासकट उलटी केली, त्या किनाऱ्याचं नावच मग कॅप्साइझ बीच पडलं, म्हणजे मराठीत उलटी-होडी पुळण. पाच जण किनाऱ्यावर, आणि टिलमन बाकीच्यांना घेऊन बोट केर्गेलेनला घेऊन गेला, कारण हर्डला बोट उभी करून ठेवायला सुरक्षित जागाच नाही. विचार करा, तुम्ही डोंगराच्या पायथ्याशी आणि तुमची एसटी ४५० किलोमीटर लांब जाऊन थांबलीय. वायरलेसही बेभरवशाचं. डीकॉक, बड, कॉलिन पट, फिलिप टेंपल, जॉन क्रिक, हे पाचही जण माथ्यावर गेले आणि परत आले, आणि ठरल्याप्रमाणे बोटही आली.

दुसरी चढाई १९८३ ला. म्हणजे १८ वर्षं कुणी नाही.

पटनेलाची पुढची गोष्ट मात्र अंगावर येते. ज्या बोटीने ती सगळी वादळं झेलली ती नोव्हेंबर १९८८ मध्ये सिडनीच्या अगदी जवळ, शहराचे दिवे दिसतील अशा अंतरावर, चार माणसांसह गायब झाली. आणि टिलमन स्वतः १९७७ ला ऐंशीच्या घरात असताना फॉकलंडकडे निघालेल्या एका बोटीवर होता, ती बोटही कधी पोचली नाही.

राजगड२००७

बापरे. शेवटचा परिच्छेद वाचून काटा आला. वाचनखूण साठवली.

तिखटमीठ

एसटी ४५० किमी लांब ही आमच्याकडे नॉर्मल परिस्थिती आहे.

हिमकण

हवामान एवढं वाईट का पण? आपल्याकडे पण पावसाळ्यात ट्रेक करतातच की लोक.

शिडाचीहोडी

@हिमकण, त्या पट्ट्यात पृथ्वीभोवती वारं अडवायला जवळजवळ जमीनच नाही. ४० अंशांना खलाशी गर्जणारे म्हणतात, ५० ला पिसाळलेले. पश्चिमेकडून वारा हजारो किलोमीटर मोकळा धावत येतो आणि मध्ये एकदम पावणेतीन किलोमीटर उंचीची भिंत, ती म्हणजे बिग बेन. ताशी १८० किमीचे झोत तिथे मोजलेत. ओली हवा वर चढली की ढग, त्यामुळे डोंगर बहुतेक वेळ बुरख्यात. तिथे आठवडाभर राहून शिखर न बघता परत आलेले लोक आहेत. उपग्रहाच्या फोटोत मात्र मजा दिसते, बेटाच्या मागे वाऱ्याच्या दिशेने ढगांचे भोवरे ओळीने सुटलेले असतात, नदीत खांबामागे पाणी फिरतं ना तसे.

म्हणूनच उद्रेकांच्या नोंदी तुटक आहेत. १८८१, १९१०, १९५० च्या सुमारास, १९८५, १९९२, २०००, असं कुणी जवळ असलं तर दिसायचं. हल्ली उपग्रह उष्णता पकडतात त्यामुळे कळतं की २०१२ पासून अधूनमधून चालूच आहे. २०१६ च्या सुरुवातीला इन्व्हेस्टिगेटर नावाचं ऑस्ट्रेलियन संशोधन जहाज तिथून जात होतं, नेमके ढग उघडले आणि बर्फावरून लाव्हा खाली येताना सगळ्यांना दिसला. गेले होते समुद्राखालचे ज्वालामुखी आणि त्यांच्यातल्या लोहावर वाढणारं प्लवक अभ्यासायला, बोनस मिळाला.

अश्मयुगीन

शेजारच्या मॅकडोनाल्ड बेटाची पण नोंद घ्या, ४४ किमी पश्चिमेला. नव्वदच्या दशकात तिथे उद्रेक झाले आणि बेट चक्क दुप्पट झालं, बाजूचं फ्लॅट आयलंड त्याला येऊन चिकटलं. बिल्डर नाही, एफएसआय नाही. ऑस्ट्रेलियाच्या ताब्यातले जिवंत ज्वालामुखी हे दोनच.

दोनापावला_पॉइंट

गोव्याहून. समुद्रविज्ञानाशी दुरून संबंध आहे म्हणून एक भर. हर्ड बेट आमच्या लोकांना वेगळ्याच कारणाने माहीत. जानेवारी १९९१ मध्ये वॉल्टर मंक नावाच्या शास्त्रज्ञाने हर्डजवळ जहाजातून पाण्यात मोठे भोंगे सोडून ५७ हर्ट्झचा आवाज केला. हर्डच का, तर तिथून आवाजाला अटलांटिक आणि पॅसिफिक दोन्हीकडे मध्ये जमीन न येता मोकळी वाट मिळते. पाण्यात आवाजाचा वेग तापमानावर अवलंबून, म्हणून आवाज पोचायला किती वेळ लागला यावरून समुद्र तापतोय का ते मोजायचं अशी कल्पना. तो आवाज अमेरिकेच्या दोन्ही किनाऱ्यांकडे, जवळपास १८,००० किमीवर ऐकू आला. ऐकायला बसलेल्या नऊ देशांत भारतही होता. देवमाशांना त्रास होईल म्हणून तेव्हा वादही बराच झाला होता.

काकांचे चार सेकंद आणि हा आवाज, दोन्ही एकाच बेटाकडून, गंमत वाटली.

घाटवाट_चुकलेला

लोकहो भारी चाललंय. पण माझा ट्रेकचा प्रश्न अजून लटकलेला. समजा कुणाकडे पैसे आणि महिना-दोन महिने सुट्टी आहे, तर?

शिडाचीहोडी

तर आधी ऑस्ट्रेलियाच्या अंटार्क्टिक विभागाकडून परवाना. १९९७ पासून जागतिक वारसा, २००२ पासून भोवतीचा समुद्रही राखीव. बोटीने जायला साधारण दोन आठवडे, उतरायला मिळेलच असं नाही. आणि उतरण्याआधी बुटाच्या खाचेतली माती, जॅकेटच्या वेल्क्रोत अडकलेलं गवताचं कुसळ, सगळं घासून काढतात. कारण या बेटावर उंदीर, मांजर, ससे काहीही बाहेरून आलेलं नाही, आणि अशी जागा त्या समुद्रात फार दुर्मिळ. केर्गेलेनवर मांजरं आणि सशांनी धुमाकूळ घातला, मॅक्वारी बेटावरचे ससे-उंदीर संपवायला ऑस्ट्रेलियाला २०१४ उजाडलं.

खरं सांगू, मला तर वाटतं तिथे ट्रेक नसलेलाच बरा. आपल्या हरिश्चंद्रगडावर शनिवारी रात्री किती तंबू असतात ते बघ आणि मग बोल.

घाटवाट_चुकलेला

हे शेवटचं वाक्य लागलं जरा, पण खरं आहे. तरी एक तक्रार नोंदवतो, ज्यांना परवडतं त्यांना परवाना मिळतो आणि आम्ही नकाशावर बोट फिरवायचं.

हिमकण

माणसं कधीच राहिली नाहीत का तिथे?

शॉर्टवेव्ह_काका

राहिली ना. १८५३ च्या नोव्हेंबरात जॉन हर्ड नावाच्या अमेरिकन कप्तानाला बॉस्टनहून मेलबर्नला जाताना बेट दिसलं, त्याचंच नाव. १८५५ पासून सील मारणाऱ्या टोळ्या आल्या. एलिफंट सीलच्या चरबीचं तेल काढायचं, पिंपं भरायची, जहाज येईपर्यंत अंधाऱ्या खोपटात थंडी काढायची. पाव शतकात सील जवळजवळ संपवले आणि मग धंदाच बसला. नंतर १९४७ अखेरीस ब्रिटनने बेट ऑस्ट्रेलियाला दिलं, ॲटलस कोव्हला संशोधन केंद्र झालं, ते १९५५ पर्यंत. १९५२ ला तिथून बाहेर पडलेल्यांपैकी दोघे जण परत आले नाहीत. आता केंद्राचे फक्त पडके अवशेष आहेत.

सील परत वाढले होते. पण २०२५ च्या अखेरीस वाईट बातमी आली, बर्ड फ्लू पोचला तिथे, एलिफंट सीलमध्ये सापडला. एवढे बूट घासले, पण पक्ष्यांचे पाय कोण घासणार.

देवबागकर

मासे काय गावतत थंय? कामाचा कोण बोलणाच नाय.

शिडाचीहोडी

टूथफिश! दोन मीटरपर्यंत वाढतो, खोल पाण्यातला, हॉटेलात चिलियन सी बास म्हणून भारी भावात विकतात. परवानाधारक बोटी पकडतात, पण चोरटेही जायचे. २००३ च्या ऑगस्टमध्ये व्हियार्सा नावाची उरुग्वेच्या झेंड्याची बोट हर्डजवळ दिसली आणि ऑस्ट्रेलियाच्या गस्ती जहाजाने तिचा पाठलाग सुरू केला. २१ दिवस! ३,९०० सागरी मैल, बर्फातून, वादळातून, थेट दक्षिण अटलांटिकपर्यंत. म्हणजे मालवण ते हर्ड जेवढं अंतर जवळपास तेवढा पाठलाग. पकडली शेवटी. आणि पुढे पर्थच्या कोर्टात ज्यूरीने त्यांना निर्दोष सोडलं.

तिखटमीठ

शेवट वाचून अगदी घरच्यासारखं वाटलं.

देवबागकर

रविवारी संध्याकाळी खरंच गेलंय देवबागच्या टोकार, फोनातला होकायंत्र लावून दक्षिणेक तोंड करून उभो रवलंय. समोर निवती रॉकचो दिवो लागलेलो, त्याच्या फुडे कायच नाय, काळोख. शेजारची काकी मासे सुकत घातलेले ते गोळा करीत होती, म्हणाली, काय बघतंस रे मगासपासून? म्हटलं, काकी, डोंगर बघतंय. ती पण जरा वेळ थंय बघीत रवली, मगे म्हणाली, खंयचो डोंगर, नुसते ढग आसत.